नवसागर : तुटून कामाला येणारा क्षार

भात्याने कोळसा फुलतो, सांडशीत धरलेले पितळी पातेले भट्टीवर फिरत राहते आणि ते पुरेसे तापले की कल्हईवाला चिमूटभर पांढरी पूड आत टाकतो. कापसाचा बोळा तो चटकन कडेपर्यंत फिरवतो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो, नाकाला झिणझिण्या येतात आणि काळपटलेले पितळ लखलखीत होते. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, बोळ्याच्या दोन फिरक्यांत आतून चंदेरी थर चढतो आणि पातेले चर्रकन पाण्यात जाते. आता त्यात चिंचेची आमटी करा की ताक ठेवा, ते कळकणार नाही.

बघणाऱ्याचे लक्ष कथलाकडे असते. पण कथील धरावे अशी जमीन तयार करते ती आधीची पांढरी पूड, म्हणजे नवसागर. रसायनशास्त्रात तेच अमोनियम क्लोराइड.

तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर बसतो आणि त्या थराला कथील चिकटत नाही. उष्णतेने नवसागर फुटून त्याचे दोन वायू होतात : अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडला खातो. अमोनिया तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. त्यातून पाण्याची वाफ आणि नायट्रोजन निघून जातात व मागे कोरा धातू उरतो. उरलेले दोन्ही वायू हवेत थंड होताच पुन्हा जुळतात. आपण ज्याला धूर म्हणतो, तो या नव्याने जमलेल्या नवसागराच्या बारीक कणांचाच असतो.

हा क्षार वितळत नाही. सुमारे ३३८ अंशांना तो घनरूपातून थेट वायुरूपात जातो. परीक्षानळीत चिमूटभर घेऊन तापवला, की तळाची पूड नाहीशी होते आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पांढरी साय धरते. नळीत ओला लिटमस कागद धरला, तर आणखी एक गोष्ट दिसते. अमोनिया हलका असल्याने तो आधी वर पोचतो आणि लाल लिटमस निळा होतो. मागून हायड्रोजन क्लोराइड आला की तोच कागद पुन्हा लाल होतो.

एकोणिसाव्या शतकात याच गुणाने रसायनशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. नवसागराच्या वाफेची घनता सूत्रावरून काढलेल्या आकड्याच्या निम्मीच भरत असे. मग सारख्या तापमान-दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात, हा ॲव्होगॅड्रोचा नियमच चुकीचा समजायचा का? १८६२ मध्ये लेओपोल्ड फॉन पेबाल यांनी ही वाफ ॲस्बेस्टॉसच्या बोळ्यातून झिरपू दिली. चपळ अमोनिया पुढे निघून गेला, जड हायड्रोजन क्लोराइड मागे राहिला आणि लिटमसने दोन्ही वेगवेगळे दाखवले. एका रेणूचे दोन रेणू झाले होते, म्हणून घनता निम्मी होती. नियम शाबूत राहिला.

माणसाने मात्र त्याआधी कितीतरी शतके हे उडणे आणि जमणे वापरात आणले होते. इजिप्तमध्ये उंटाच्या वाळलेल्या शेणाच्या काजळीपासून नवसागर काढत. आपल्याकडे ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात तो ‘साधारण रस’ या वर्गात मोडतो आणि त्याचा संबंध विटांच्या भट्टीशी जोडलेला आहे. हरियाणातल्या कर्नाल-कैथल भागात एकोणिसाव्या शतकातही वीटभट्ट्यांवर जमलेल्या थरातून तो गोळा करून शुद्ध करत. प्रयोगशाळेतही हा क्षार कामी आला. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये नवसागर आणि चुना तापवून अमोनिया वायू वेगळा धरला. फ्रीडरिश व्योलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हा सिल्व्हर सायनेटच्या जोडीला हाच क्षार होता. १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे यांनी आपल्या विद्युतघटात त्याचे द्रावण वापरले आणि पुढे टॉर्चच्या सेलमध्येही तोच लगद्याच्या रूपात आला.

कारखान्यात लोखंडाला जस्ताचा थर देण्याआधी झिंक क्लोराइड आणि नवसागराच्या द्रावणात बुडवतात. हे काम कल्हईवाल्याचेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. बारावीच्या प्रात्यक्षिकात तिसऱ्या गटाच्या चाचणीसाठी अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घालतात. त्यामुळे द्रावणातले हायड्रॉक्साइड आयन मर्यादेत राहतात; लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम खाली बसतात आणि जस्त, मॅग्नेशियम द्रावणात टिकतात. जुन्या विश्लेषकांना अमोनियम क्षार आवडत, त्याचे कारणही हेच उडणे होते. काम झाले की तापवून घालवता येतात, मागे काही उरत नाही.

हा गुण जपून हाताळावा लागतो. नवसागर बंद खोलीत तापवू नये, कारण त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, श्वासनलिकेला त्रास देते. अरुंद नळीत तो थंड होऊन बसला तर वाट बंद करतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांत हाच थर उष्णताविनिमयकांत साचून पोलाद कुरतडतो. चुना किंवा कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की अमोनिया सुटतो. ब्लीचिंग पावडरीजवळ तर तो ठेवूच नये, कारण त्यातून विषारी क्लोरामाइन आणि स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतात. दमट हवेत पुडीचे खडे होतात, म्हणून काचेची किंवा प्लास्टिकची घट्ट झाकणाची बरणी बरी. लोखंडी डब्याला गंज चढतो.

कल्हईवाला हे सगळे हाताने जाणतो. पूड किती, भांडे किती तापलेले, बोळा कधी फिरवायचा, हे तो धुराच्या रंगावरून आणि धातूच्या चमकेवरून ठरवतो. त्याच्या छातीत मात्र तो धूर वर्षानुवर्षे जातो. त्याला मोकळी जागा, वाऱ्याकडे पाठ करून बसायची सोय आणि धूलिकण अडवणारा चांगला मास्क मिळाला पाहिजे. ही जबाबदारी भांडी देणाऱ्या आपल्यासारख्यांचीही आहे. आणि महाविद्यालयांनी वर्षातून एकदा तरी रसायनशास्त्राच्या तासाला आवारात भट्टी लावून, योग्य मानधन देऊन त्याला बोलवावे. ऑक्साइड, विघटन, पुनर्संयोग हे शब्द मुलांनी पाठ केलेले असतात. ते सगळे एका पातेल्यात घडवून दाखवणारा हा माणूस शिक्षकाच्या मानाचा आहे, आणि तो मान त्याला देणे अजून आपल्या हातात आहे.