पेटी घरी येईपर्यंत

आजचा विषय कुणालाच ऐकावासा वाटणार नाही. आम्हालाही तो काढावासा वाटत नव्हता. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावची माणसं आखातात कामाला आहेत. सौदी, कुवेत, कतार, दुबई ही नावं आपल्याला खेड-चिपळूणइतकीच ओळखीची. आणि माणूस तिकडेच वारला तर पुढे काय करायचं, हे मात्र घरात कुणालाच माहीत नसतं.

आम्हालाही माहीत नव्हतं. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान सौदीत झोपेतच गेले. खोलीवरच्या सोबत्याने दिराला फोन केला. घरच्यांनी ताईंना दोन दिवस ‘आजारी आहेत’ एवढंच सांगितलं. नंतर शोधाशोध केली, तर घरात पासपोर्टची साधी झेरॉक्सही नव्हती. सगळं त्यांच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल तिकडच्या पोलिसांकडे. पेटी गावात यायला चोवीस दिवस लागले. त्या चोवीस दिवसांत आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बायकोपासून लपवू नका. मृतदेह भारतात पाठवायचा की तिकडेच दफन करायचं, यासाठी जवळच्या वारसाचं संमतीपत्र लागतं. ते नोटरीसमोर सही करून द्यायचं असतं. बहुतेक वेळा ही सही बायकोचीच असते. म्हणजे तिला सांगितल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. आमचे ते दोन दिवस फुकट गेले. आपल्याकडच्या मुसलमान घरांत बरेचदा तिकडेच दफन करायचं ठरतं. तेव्हाही संमती लागतेच. बाई इद्दतीत असेल तर नोटरीला घरी बोलावता येतं का ते विचारा.

दुसरी गोष्ट, भारतीय दूतावासाला कळवा. सौदीत रियाधला दूतावास आहे, जेद्दाहला वाणिज्य दूतावास आहे. इथून कळवायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवून तिचा नंबर जपून ठेवा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत फोनही आहे, १८०० ११ ३०९०. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, संमतीपत्र, आणि अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा अहवाल, एवढे कागद जमले की दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना-हरकत पत्र देतो. माणूस अचानक गेला असेल तर आधी तिकडचे पोलीस चौकशी करतात. सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. आपण रडलो, ओरडलो तरी तो कमी होत नाही. रोज एकाच माणसाने फोन करावा आणि वहीत लिहून ठेवावं, हे बरं.

तिसरी गोष्ट खर्चाची. सौदीच्या कामगार कायद्यात मृतदेह पाठवण्याचा खर्च मालकावर टाकलेला आहे. मालक हात वर करत असेल आणि घरची ऐपत नसेल, तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ साली सुरू झाला. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि परिस्थिती पाहून दूतावास ठरवतो. म्हणून कुणी म्हणालं की ‘दागिने मोडा, पैसे भरा’, तर आधी दूतावासाला विचारा. आमच्या ताईंचं मंगळसूत्र सोनाराकडे जाता जाता राहिलं.

आता सहीबद्दल. मृतदेह आणायची संमती वेगळी आणि पैशांचा हिशोब वेगळा. ताईंकडे एक माणूस इंग्रजी कागद घेऊन आला होता. ‘सही करा, म्हणजे बॉडी लवकर येईल,’ म्हणाला. गटातल्या एका सभासदाच्या कॉलेजातल्या मुलीने तो वाचला. त्यात लिहिलं होतं, सगळा हिशोब मिळाला, काही येणे बाकी नाही. ताईंनी सही केली नाही. पेटी तरीही आली. राहिलेला पगार आणि नोकरीचा हिशोब पुढे वारसांच्या कागदांवर दूतावासामार्फत मागता येतो.

विम्याचंही विचारा. ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, त्यांना आखातात कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. अपघाती मृत्यू झाला तर त्यात १० लाख रुपये मिळतात. आमच्या ताईंचे यजमान झोपेत गेले, म्हणून त्यांना ते मिळाले नाहीत. पण पॉलिसीचा कागद घरात असला तर निदान विचारता तरी येतं.

पेटी मुंबईला प्रवासी उतरतात त्या दारातून येत नाही. ती मालवाहू विभागात, कार्गोला येते. विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाची आणि कस्टमची परवानगी लागते. त्यासाठी २०२३पासून ‘ई-केअर’ नावाचं पोर्टल आहे. घ्यायला जाणाऱ्याजवळ स्वतःचं ओळखपत्र, रद्द पासपोर्टची प्रत आणि एअरवे बिलाचा नंबर हवा. रुग्णवाहिका आधी ठरवा, आणि गावात अंत्यविधीची वेळ पेटी हातात आल्यावरच सांगा. आमच्याकडे लोक सकाळपासून जमले आणि पेटी रात्री आली.

नंतर मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत खेपा घालू नका. मृत्यू गावात झालेला नाही, त्यामुळे तिथे नोंद होत नाही. दूतावासाने दिलेला नोंदीचा दाखलाच इथे चालतो. त्याच्या जास्त प्रती काढून ठेवा.

या सगळ्यानंतर आमच्या गटाने मासिक बैठकीत एक ठराव केला. ज्या घरातलं माणूस परदेशात आहे, त्या घरात एक पाकीट ठेवायचं. त्यात पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राची झेरॉक्स, विम्याचा कागद, कंपनीचा पत्ता, खोलीवरच्या दोन सोबत्यांचे नंबर. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच आधारवर आणि लग्नाच्या दाखल्यावर आहे ना, तेही बघायचं. सुरुवातीला बायका म्हणाल्या, असं अभद्र कशाला घरात ठेवायचं? तेव्हा त्या ताईच उठून बोलल्या, ‘माझ्याकडे हे पाकीट असतं तर त्यांना लवकर आणता आलं असतं.’

आता आमच्या गटात अकरा घरांत ते पाकीट आहे. आज रात्री फोन येईल तेव्हा तुम्हीही पासपोर्टचा फोटो मागून घ्या.