बॅटीवरचा शिक्का

एप्रिलमधला शनिवार. सकाळी आठची वेळ, आणि थंडी अशी की शाल काढवत नव्हती. मैदानाच्या जाळीपाशी मुलांनी आपापल्या बॅटी ओळीने टेकवून ठेवल्या होत्या, आणि अंपायर एकेक बॅट उचलून, फिरवून पाहत होता. आमच्या चिरंजीवांची बॅट सगळ्यांत झगझगीत. मी मनात म्हटलं, घेतली ती घेतली, पण कशी उठून दिसते! अंपायरनं ती हातात घेतली, मुठीच्या वरच्या भागावर अंगठा फिरवला, पुन्हा एकदा पाहिलं आणि बाजूला गवतावर ठेवून दिली. कोचला काहीतरी सांगितलं. कोचनं मान हलवली. आणि आमचा तेरा वर्षांचा मुलगा मान वळवून थेट बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघत राहिला.

दोनशे चाळीस डॉलर्सची बॅट, आणि पहिल्याच सामन्यात बाद. मुलगा नव्हे, बॅट.

त्या दिवशी तो मित्राची बॅट मागून खेळला. घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मी विचारलं, "काय रे झालं?" तर म्हणाला, "काही नाही, आई." मुलगा असं म्हणाला की आईला बरोबर समजतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी घर सांभाळते आणि रविवारी इथल्या मराठी शाळेत मुलांना शिकवते. माहेर कऱ्हाडचं, बी.ए. मराठी घेऊन झालेलं. क्रिकेटचं मला समजतं ते दोन भावांमुळे. बेसबॉल मात्र मुलाबरोबरच शिकले. तुमच्यापैकी कितीतरी जणींची बहीण, नणंद किंवा लेक इकडे असेल, आणि तिच्या घरातही एखादा खेळवेडा वाढत असेल. म्हणून हे सगळं लिहिते आहे. दुसरं म्हणजे, आपल्या हातून झालेली चूक सांगून टाकली की जरा हलकं वाटतं.

त्याचं असं झालं. हे सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे कऱ्हाडला गेले होते आणि बॅट आणायचं काम माझ्यावर आलं. दुकानातल्या मुलाला मी वय सांगितलं, उंची सांगितली. कुठल्या लीगमध्ये खेळतो, हे त्यानं विचारलं नाही आणि आपण सांगायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. किंमत उतरवलेली होती, रंग सुरेख होता. साडी घेताना पदर उलगडून, उलटी बाजू पाहून, दोऱ्याला हात लावून घेणारी मी, बॅट घेताना मात्र नुसत्या रंगावर गेले. परत द्यायला गेले तर वेष्टण फाडलेलं, चेंडूचे डाग पडलेले. दुकानानं घेतली नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

मग धावून आली शेजारीण. तिचे तीन मुलगे बेसबॉल खेळून मोठे झाले. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून, आल्याचा चहा पीत तिनं मला जे समजावलं, ते कुठल्याही दुकानात कुणी सांगितलं नसतं.

पहिली गोष्ट शिक्क्याची. मुलांच्या बॅटीवर, मूठ संपून बॅट रुंद व्हायला लागते तिथे, एक लहानसा शिक्का छापलेला असतो. तो तीन प्रकारचा. एक 'यूएसए बेसबॉल'चा. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीग आणि तिच्यासारख्या गावोगावच्या लीगमध्ये हा लागतो. दुसरा 'यूएसएसएसए'चा, त्यात १.१५ असा आकडा असतो. गावोगाव फिरून स्पर्धा खेळणारे जे संघ असतात, त्यांच्यात हा बराच चालतो. तिसरा 'बीबीकोर', .५० असा आकडा असलेला. हायस्कूलमध्ये २०१२ पासून हाच लागतो. पहिल्या दोन नावांत अक्षरं जवळजवळ तीच, आणि घाईत पाहिलं तर डोळा फसतोच. माझा फसला. आमची गावातली लीग लिटल लीगच्या नियमांनी चालते, आणि मी आणली होती दुसऱ्या शिक्क्याची बॅट. अंपायरनं सामन्याआधी पाहिली हे नशीबच म्हणायचं. तीच बॅट घेऊन मुलगा खेळायला उभा राहिला असता आणि नंतर ध्यानात आलं असतं, तर त्यालाच बाद दिलं असतं.

मी शेजारणीला म्हटलं, "बॅट ती बॅट. लाकडाची किंवा पत्र्याची. एवढं शिक्क्याचं स्तोम कशाला?" त्यावर तिनं कप खाली ठेवला आणि जे सांगितलं ते ऐकून माझा राग ओसरला.

ॲल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते. चेंडू आदळला की तिची पातळ भिंत क्षणभर आत दबते आणि उसळून बाहेर येते. लाकडी बॅट अशी दबत नाही, त्यामुळे चेंडूच चपटा होतो आणि त्याचा जोर त्यातच जिरतो. थोडक्यात, तबल्याच्या ताणलेल्या पुडीवर गोटी टाका आणि पाटावर टाका, कुठली जास्त उसळेल? धातूच्या बॅटीवरून चेंडू जास्त वेगानं परत जातो, आणि समोर उभा असतो तो चेंडू टाकणारा मुलगा, पिचर. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. बेसबॉलमध्ये मोठ्या मुलांचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो, लिटल लीगची बारा वर्षांपर्यंतची मुलं तर ४६ फुटांवरून. शिवाय चेंडू टाकताना तो पुढे झुकतो, म्हणजे अंतर आणखी कमी. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापाशी पोचतो. हात वर करायलाही वेळ नाही.

२००३ मध्ये मोंटाना राज्यात अठरा वर्षांचा एक पिचर अशाच धातूच्या बॅटीवरून आलेला चेंडू डोक्याला लागून गेला. २००६ मध्ये आमच्याच न्यू जर्सीत बारा वर्षांच्या मुलाच्या छातीवर चेंडू बसला आणि हृदय थांबलं. मुलगा वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. दुसऱ्या वर्षी, २००७ मध्ये, न्यूयॉर्क शहरानं हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदीच घातली. पुढे कॉम्पोझिट बॅटी आल्या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या. त्या वापरून वापरून आणखी उसळत्या होतात असं दिसल्यावर लिटल लीगनं २०१० च्या डिसेंबरात लहान गटांसाठी त्याही थांबवल्या. आताचे शिक्के आले ते या सगळ्यातून. बॅट धातूची असो वा कार्बनची, तिची उसळ लाकडाच्या आसपास ठेवायची, हा बीबीकोर आणि यूएसए या दोन्ही शिक्क्यांमागचा हेतू.

आमचा मुलगाही कधीकधी पिचर असतो. शेजारीण गेल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी होते. त्या शनिवारी अंपायरनं बाजूला ठेवलेली बॅट समोरच्या संघातल्या एखाद्या मुलाच्या हातात असती आणि माझा मुलगा चेंडू टाकत असता तर?

आता मापाचं. बॅटीवर दोन आकडे असतात, लांबी इंचांत आणि वजन औंसांत. (एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, आपल्या हिशेबात अडीच तोळ्यांना थोडा कमी.) लांबीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की जो उरतो त्याला इथं 'ड्रॉप' म्हणतात. ३१ इंच आणि २१ औंस असेल तर उणे दहा, ३१ आणि २६ असेल तर उणे पाच. हायस्कूलमध्ये उणे तीनपेक्षा हलकी बॅट चालत नाही. जाडी लहान मुलांत आणि हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त २ ५/८ इंच. काही अंपायर खिशात कडं बाळगतात आणि बॅट त्यातून जाते का, ते पाहतात.

आमची खरी अडचण इथंच होती. मुलगा आठवीत. पुढच्या वर्षी हायस्कूल, म्हणजे उणे तीनची बीबीकोर घ्यावीच लागणार. आमच्या गटात, म्हणजे बारा ते चौदाच्या, यूएसए आणि बीबीकोर दोन्ही चालतात. मग माझ्यातली गृहिणी म्हणाली, आताच जड घेऊन टाकावी, दोन वर्षं निघतील. आपण गणवेश वाढत्या अंगाचा घेतो ना, बाह्या दुमडून घालतो आणि पुढच्या वर्षी सोडतो, तसंच. चिरंजीवही त्याच मताचे, कारण संघातल्या दोन थोराड मुलांकडे उणे तीनच होती.

पण बॅटीला बाह्या दुमडता येत नाहीत, हो! जड बॅट घेतली की मुलाचा हात उशिरा येतो, टोक खाली झुकतं, आणि ते सावरायला तो खांदा पाडायला लागतो. ही खोड एकदा लागली की मोडायला वर्षं जातात, असं कोचनंही सांगितलं. उलट फार हलकी घेतली तर पुढच्या वर्षीची जड बॅट एकदम अंगावर येते.

शेजारणीनं दोन परीक्षा सांगितल्या, त्या घरच्या घरी करता येतात. बॅटीच्या मुठीची गाठ छातीच्या मधोमध टेकवायची, बॅट समोर सरळ धरायची आणि दुसरा हात तिच्या कडेनं लांब करायचा. बोटांची टोकं बॅटीच्या शेवटापर्यंत पोचली तर लांबी ठीक. दुसरी परीक्षा वजनाची. एका हातात मूठ धरून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ ठेवायचा आणि तीस मोजायचे. आमच्याकडे मित्राची उणे तीन आणली होती. अकराला हात कापायला लागला, अठराला खाली आला. मुलगा म्हणाला, "आज डबा जड होता म्हणून." मी हसले नाही. मग उणे पाचची धरून पाहिली. तीसपर्यंत हात वर राहिला, दात आवळलेले होते ते सोडा.

कणकेच्या काट्यावर मी दोन्ही बॅटी ठेवूनही पाहिल्या. छापलेल्या वजनात आणि खऱ्या वजनात थोडा फरक निघाला, तो मुठीवरच्या रबरी पट्टीमुळेही असतो. काट्यावर सारख्या असलेल्या दोन बॅटींत वजन टोकाकडे असेल ती हाताला जड लागते, तेव्हा काट्यावर सगळंच कळतं असंही नाही. मुलाला दुकानात नेऊन फिरवायला लावावं. साडीचा ब्लाउज मैत्रिणीच्या मापानं कोणी शिवत नाही.

धातूची की कार्बनची, हा प्रश्न मुलांना फार महत्त्वाचा वाटतो, मला किंमतीमुळे वाटला. चांगली कॉम्पोझिट बॅट तीनशे-चारशे डॉलर्सपर्यंत जाते. हाताला झिणझिण्या कमी येतात हे खरं. पण नवी असताना दीडशे-दोनशे चेंडू हळूहळू, बॅट थोडी थोडी फिरवत मारून तिला सरावात आणावं लागतं, आणि इथल्या मार्च-एप्रिलच्या थंडीत ती तडकायची भीती. एकसंध ॲल्युमिनियमची बॅट पहिल्या दिवसापासून खेळायला तयार, थंडीची तक्रार नाही. वाढत्या मुलाला ती एक-दोन वर्षंच पुरणार, मग तीनशे कशाला घाला? अखंड लाकडाची घ्यायची तर यूएसए शिक्काही लागत नाही. मात्र मोडते.

जुनी बॅट घ्यायची असेल तर आधी शिक्का स्वच्छ वाचता येतो का, ते बघा. मग कुठे खोक पडलेली, चीर गेलेली, हलवल्यावर आत काही खुळखुळतंय का. काही लोक चेंडू लांब जावा म्हणून बॅटी दाबून किंवा आतून घासून घेतात, ते बेकायदा आहे. मान्यता मिळालेली बॅटही नंतर यादीतून काढली जाऊ शकते, तेव्हा यादी चालू वर्षाची पाहावी. सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलला चालत नाही, हेही सांगून ठेवते. महाराष्ट्रात शाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, माझी भाची खेळते. तिची बॅट इकडे आणू का, असं वहिनीनं प्रेमानं विचारलं होतं. शिवाय विमानात बॅट हातातल्या सामानात नेता येत नाही, मोठ्या बॅगेतच टाकावी लागते.

सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एका चोपण्याला एवढे कायदे?" मग सासऱ्यांचा आवाज मागून आला, की क्रिकेटच्या बॅटीलाही आहेत, २०१७ पासून तिची कड चाळीस मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. बऱ्याच वर्षांनी सासऱ्यांनी माझ्या बोलण्यात रस घेतला.

शेवटी ३१ इंचांची, उणे पाचची, साध्या ॲल्युमिनियमची बॅट घेतली, नव्वद डॉलर्सना. या वेळी पैसे देण्याआधी शिक्का मी वाचला, मुलानं वाचला, आणि दुकानातल्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावला. झगझगीत बॅट एका फिरत्या संघातल्या मुलाला निम्म्या किमतीत दिली. त्याच्या आईला आधी विचारून घेतलं, की तुमच्याकडे हा शिक्का चालतो ना, म्हणून. एकशे वीस डॉलर्सचा खड्डा पडला तो पडलाच. ह्यांना मी ते हे परत आल्यावर, जेवण झाल्यावर, सावकाश सांगितलं.

पुढच्या शनिवारी अंपायरनं काळी, साधी बॅट उचलली, अंगठा फिरवला आणि जाळीला परत टेकवून ठेवली. मुलानं या वेळी मान वळवून पाहिलं नाही. पहिल्या खेपेला तो तीन चेंडूंत बाद झाला. दुसऱ्या खेपेला चेंडू पिचरच्या डाव्या बाजूनं, जमिनीलगत सरपटत गेला आणि तो पहिल्या बेसपर्यंत पोचला. मी त्याच्याआधी त्या पिचरकडे पाहिलं. तो उभा होता, टोपी सारखी करत होता.