खेळ जुने, गडी ताजे

कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. नव्वदच्या दशकात ज्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, तिथल्या पोरांना हा मंत्र कुणी शिकवावा लागला नाही. मिरजेत फुंकत होते, मॉस्कोत फुंकत होते, न्यूयॉर्कमध्येही फुंकत होते. आणि निन्टेन्डो कंपनी सांगत होती, फुंकू नका! तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटचे धातूचे दात गंजतात. गेम सुरू व्हायचा तो कॅसेट काढून नव्याने बसवल्यामुळे, श्रेय मात्र फुंकरीला मिळायचं.

पुढे इंटरनेट आलं आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या या सगळ्यांना कळलं, अरे, आपण तर एकाच गल्लीतले! त्या गल्लीत गेली पंचवीस-तीस वर्षं काय काय चाललंय ते ऐकण्यासारखं आहे. जुन्या आठवणी तिथे निघतातच, पण मंडळी सतत कुठल्या ना कुठल्या कामाला भिडलेली असतात. कुणी मेलेलं यंत्र जिवंत करतंय, कुणी हरवलेला गेम शोधतंय, कुणी सेकंदाच्या तुकड्यासाठी वर्षं घालवतंय. माझ्या मते त्यांची गट्टी टिकली आहे ती या कामामुळेच.

मुस्तफाचं खरं नाव

रुपयाचं नाणं टाकून पार्लरमध्ये खेळलेला 'मुस्तफा' आठवतो? त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, तोही मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन कॉमिकवरून. त्यात जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे चार गडी होते. पिवळी टोपी घालून धावत लाथ मारणारा मुस्तफा आपल्याकडच्या पोरांना इतका आवडला, की अख्ख्या गेमचंच बारसं त्याच्या नावाने झालं. भारतात, पाकिस्तानात, बांगलादेशात, सगळीकडे तेच नाव. सीमेपलीकडची माणसं इंटरनेटवर 'मुस्तफा' म्हणाली की ओळख पटायला आणखी काही लागत नाही.

पार्लरमधली ती लाकडी खोकी केव्हाच भंगारात गेली, तरी गेम उरले. त्याचं मोठं श्रेय निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरला जातं. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने 'मेम' नावाच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा त्यावर पॅक-मॅन आणि त्याच्या भाऊबंदांपैकी मोजके गेम चालत होते. मग जगभरचे हात लागत गेले आणि आज त्यावर हजारो गेम चालतात. यंत्राच्या आत नेमकं काय घडत होतं त्याची बारकाईने नोंद ठेवणं, हा या मंडळींचा पहिला हेतू आहे. खेळता येणं हा त्यातून मिळणारा प्रसाद.

काही यंत्रांनी मात्र चांगलाच घाम फोडला. नकली प्रती निघू नयेत म्हणून कॅपकॉमने आपल्या पुढच्या पिढीच्या बोर्डात एक बॅटरी बसवली होती. गेमचं कुलूप उघडणारी किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर स्मरणात राहायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड कायमचा गप्प व्हायचा. चाहत्यांनी तिचं नाव 'सुसाइड बॅटरी' ठेवलं. २००१ मध्ये या कुलपाला पहिली फट पडली, २००७ मध्ये त्यामागचं पूर्ण गणित उलगडलं आणि २०१६ मध्ये तिघा चाहत्यांनी मेलेल्या बोर्डात किल्ली परत भरण्याची रीत शोधून ती सर्वांसाठी खुली केली. १९९३ साली बसवलेल्या कुलपाशी माणसं तेवीस वर्षं झटत राहिली, याचं मला फार कौतुक वाटतं.

तबलजीची बोटं आणि टेट्रिस

टेट्रिसचा जन्म १९८४ चा, मॉस्कोतला. अलेक्सी पजित्नोव्ह सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होते, तिथल्या 'इलेक्ट्रोनिका ६०' या संगणकावर त्यांनी तो बनवला. चाहत्यांचा जीव जडला आहे तो निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीवर. तिच्यात २९ व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगाने कोसळतात, की बटण दाबून धरलं तरी ठोकळा कडेला पोहोचत नाही. वर्षानुवर्षं सगळे मानून चालले होते, की माणसासाठी गेम इथे संपला.

२०११ मध्ये थॉर ॲकरलंड हा खेळाडू बटणावर अंगठा थरथरवत ३० व्या लेव्हलला पोहोचला. २०१८ च्या क्लासिक टेट्रिस विश्वस्पर्धेत तर सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने सात वेळच्या विजेत्याला, जोनास न्यूबाउरला हरवलं. जोसेफ जन्मला तेव्हा हा गेम तेरा-चौदा वर्षांचा होता! मग २०२० च्या सुमारास आणखी एक युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि रिमोटच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं एकामागून एक वाजवायची, तबलजी बोल काढतो तशी. दर टिचकीला रिमोटच अंगठ्यावर येऊन आपटतो आणि बटण दाबलं जातं. एका अंगठ्याचं काम चार बोटांनी वाटून घेतलं.

दुसरीकडे काही जण गेमचा प्रोग्रॅम वाचत बसले होते. कुठल्या लेव्हलला, कशा ओळी साफ केल्या तर गेम गोंधळून गोठेल, याचा तक्ताच त्यांनी मांडला. आणि २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातल्या तेरा वर्षांच्या विलिस गिब्सनने सुमारे अडतीस मिनिटं खेळून १५७ व्या लेव्हलला टेट्रिस खरोखर गोठवला. माणसाने या गेमला हरवलं, अशी बातमी जगभर झाली. मला त्यात ॲकरलंडचा अंगठा, तबलजीची बोटं आणि तक्ता मांडणाऱ्यांच्या जागलेल्या रात्रीही दिसतात. बारा वर्षं एकेक जण आपली युक्ती दुसऱ्याच्या हातात देत गेला.

मारिओची एसटी

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळात संपवता येईल? २०२१ मध्ये एका खेळाडूने ४ मिनिटं ५४.९४८ सेकंद अशी वेळ नोंदवून ४:५५ चा अडसर पहिल्यांदा मोडला. या शर्यतीतली सर्वांत चविष्ट गोष्ट म्हणजे तिचं वेळापत्रक. लेव्हल संपली की गेम तुम्हाला ताबडतोब पुढे सोडत नाही. दर २१ चित्रचौकटींनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाने एक दार उघडतं आणि तेव्हाच पुढची लेव्हल सुरू होते. स्टँडवर दहा मिनिटं आधी पोहोचलात काय किंवा धावत येऊन पायरीवर लटकलात काय, एसटी सुटणार तिच्या वेळेला. म्हणून खेळाडू विचारतात, आधीची गाडी पकडता येईल का? ती पकडण्यासाठी भिंतीच्या कोपऱ्यातून मारिओला कसं सरकवायचं, निशाणाच्या खांबावर कुठे टेकवायचं, याचे शोध लागतात आणि सगळ्यांना सांगितले जातात. शेवटच्या लेव्हलला मात्र पुढे एसटीच नाही, तिथे प्रत्येक चौकट मोजली जाते.

अशा झटपट खेळणाऱ्यांचा पहिला मोठा मेळा जानेवारी २०१० मध्ये भरला. आधी ठरलेल्या जागी इंटरनेट नीट चालेना, तेव्हा माइक उयामा या संयोजकाच्या आईच्या घरात, तळघरात बसून मंडळी खेळली आणि लोकांनी ते घरबसल्या पाहिलं. 'केअर' या संस्थेसाठी दहा हजार डॉलरहून अधिक देणगी जमली. 'गेम्स डन क्विक' नावाने तो मेळा आजही भरतो आणि कर्करोग प्रतिबंध व डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांसारख्या कामांसाठी आजवर पाच कोटी डॉलरच्या वर निधी गोळा झाला आहे.

दोनशे किलोंचा टीव्ही

'डक हंट'ची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर का चालत नाही? तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीतून प्रकाश आत जातो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीला तो दिसला तर बदक पडतं. हा सगळा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगाशी बांधलेला आहे. म्हणूनच लोक ज्यांना रस्त्यावर टाकतात, ते ढेरपोटे टीव्ही या मंडळींना सोन्यासारखे वाटतात.

अशा टीव्हींचा महामेरू म्हणजे १९८९ च्या सुमाराचा सोनीचा ४३ इंची टीव्ही, वजन जवळपास दोनशे किलो. तो कुठे शिल्लक तरी आहे का, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग जपानमधल्या ओसाका शहरात एका सोबा नूडल्सच्या दुकानात असल्याचा माग लागला, आणि ती इमारत पाडली जाणार होती. अमेरिकेत बसलेल्या 'शँक मॉड्स' या यूट्यूबरने मदतीची हाक दिली, ओसाकातला एक पूर्ण अनोळखी माणूस दुकानात जाऊन खात्री करून आला, आणि ते धूड जिन्यावरून उतरवून समुद्रापार नेण्यात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा व्हिडिओ आला. हाक ऐकून अनोळखी माणूस उठून गेला, ही मला त्या टीव्हीपेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

भाषांतर करणारे

'मदर ३' हा शिगेसातो इतोई यांचा गेम २००६ मध्ये फक्त जपानीत निघाला. इंग्रजीत आणावा म्हणून चाहत्यांनी निन्टेन्डोला सह्यांच्या मोहिमांतून गळ घातली. गेम आला नाही. मग क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने एक चमू बसला आणि जवळपास दोन वर्षं राबून ऑक्टोबर २००८ मध्ये त्याने पूर्ण इंग्रजी भाषांतर विनामूल्य दिलं. पहिल्या आठवड्यातच ते एक लाखाहून अधिक वेळा उतरवून घेतलं गेलं. २०१३ मध्ये मँडेलिन यांनी निन्टेन्डोला कळवलं, की हवं असेल तर आमचं काम फुकट वापरा. याच चाहत्यांच्या कट्ट्यावर टोबी फॉक्स नावाचा एक मुलगाही वावरायचा, जुन्या गेममध्ये फेरफार करून पाहायचा. २०१५ मध्ये त्याने 'अंडरटेल' काढला आणि तो जगभर गाजला.

आता आणखी थोडं पटापट.

कॉन्ट्रात तीस लाइफ देणारा 'वर वर खाली खाली'चा मंत्र मुळात 'ग्रेडियस' या गेमसाठी होता. काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम तपासताना फारच अवघड जायचा, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा मंत्र घातला आणि काढायचा राहून गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी हाच मंत्र लिहून त्यांना निरोप दिला.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गुपचूप खेळलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ प्रोग्रॅम जॉर्डन मेकनरकडूनच हरवला होता. २०१२ मध्ये वडिलांनी पाठवलेल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या संगणकांचे जाणकार मदतीला आले, वीसेक वर्षांच्या त्या फ्लॉपी वाचल्या आणि सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला झाला. गेमचं संगीतही त्याच वडिलांचं, आणि राजपुत्र धावतो तो जॉर्डनच्या भावाच्या चित्रफितीवरून.

ब्राझीलमध्ये टेकटॉय कंपनीने सेगाच्या एका गेममधला नायक काढून तिथली लाडकी कॉमिक नायिका मोनिका घातली. रशियात निन्टेन्डो पोहोचलं नव्हतं, तिथे १९९२ पासून हत्तीचं चित्र असलेल्या 'डेन्डी' या नकली यंत्राने राज्य केलं. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं होती. रशियन, ब्राझीलियन आणि मराठी माणसाचं बालपण एकाच मारिओचं, फक्त डब्यावरचं नाव वेगळं.

न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत अटारी कंपनीने १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटी पुरल्या होत्या. ही दंतकथाच आहे, असं अनेकांना वाटायचं. २६ एप्रिल २०१४ रोजी तिथे खणलं आणि 'ई.टी.'च्या कॅसेटी निघाल्या. पाच आठवड्यांत तो गेम बनवणारे हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ त्या वेळी तिथे उभे होते.

आणि हे सगळं का करायचं, त्याचा आकडा एकच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कुठेच मिळत नसल्याचं दिसलं. कंपन्यांनी ते सोडून दिलेत. उरलेत ते असे लोकांच्या हातात.

म्हणून एक विनंती. माळ्यावर एखादी '९९९९ इन वन' कॅसेट, सेलोटेप लावलेला रिमोट किंवा फिक्या पडलेल्या चित्राचा डबा असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे पुढून-मागून फोटो काढा. कुठल्या गावात, कुठल्या दुकानातून, कितीला घेतला आणि तुमच्या वाड्यात त्या गेमला काय म्हणत, तेही लिहून ठेवा. 'मुस्तफा'सारखी नावं कुठल्याही कंपनीच्या दप्तरात सापडणार नाहीत. आणि कॅसेट लावून पाहायची झाली, तर फुंकर नको. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दात हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.