१४ फुटी बोट, लेक मिशिगन आणि परतीचा रस्ता

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

ट्रोलिंग म्हटलं की आपल्याला आधी सोशल मीडियावरची भांडणं आठवतात. आजचं ट्रोलिंग मात्र पाण्यातलं आहे. बोट अगदी सावकाश चालवायची, मागे गळ आणि आमिष ओढत न्यायचं आणि मासा मागे लागतो का ते बघायचं. एवढीच कल्पना. पण त्यासाठी बोट कुठली घ्यायची, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

शिकागोच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवलाय. त्याच्याकडे १४ फुटी ॲल्युमिनियमची जुनी बोट आहे, मागे २५ हॉर्सपॉवरची मोटर. आत्तापर्यंत तो आसपासच्या छोट्या तळ्यांवर जायचा. या उन्हाळ्यात सांगलीहून त्याचे बाबा येताहेत. बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि एक मित्र, अशा सगळ्यांना घेऊन त्याला लेक मिशिगनवर सॅमन धरायला जायचंय. तो विचारतो, "दादा, याच बोटीला आणखी एक छोटी मोटर आणि डाउनरिगर लावले तर भागेल, की बोटच बदलू?"

मित्रा, उत्तर देतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. बोट निवडताना आपण विचारतो, "हिच्यातून मासे किती मिळतील?" खरं विचारायला हवं, "वारा फिरला तर ही आपल्याला परत आणेल का?" बाकी सगळी निवड या एका प्रश्नामागून येते.

लेक म्हणजे तळं नव्हे

मराठीत आपण लेकला तळं म्हणतो आणि डोळ्यासमोर गावचं तळं येतं. लेक मिशिगन सुमारे ४९४ किलोमीटर लांब आहे. सर्वात रुंद ठिकाणी १९० किलोमीटर, सर्वात खोल ठिकाणी २८१ मीटर. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला धावायला भरपूर जागा मिळते. समुद्रातली लांबून आलेली लाट बोटीला उचलते आणि खाली ठेवते. इथली लाट आखूड असते, एकीतून सावरतोय तोवर दुसरी येते. छोट्या बोटीला हीच जास्त त्रास देते.

यामागे एक जुनी, दुःखद गोष्ट आहे. पॅसिफिकमधला कोहो सॅमन मिशिगन राज्याने १९६६ च्या वसंतात या लेकच्या खोऱ्यात सोडला. १९६७ मध्ये मोठे झालेले मासे किनाऱ्याजवळ परतले आणि लोकांना अक्षरशः वेड लागलं. मिळेल ती बोट घेऊन माणसं पाण्यात उतरली. २३ सप्टेंबर १९६७ ला प्लॅट बे आणि फ्रँकफर्टच्या परिसरात वादळ आलं. धोक्याचा इशारा दिलेला होता, तरी शेकडो छोट्या बोटी पाण्यात होत्या. त्या दिवशी सात जण बुडाले.

मासे किनाऱ्याजवळ होते, म्हणून आपणही सुरक्षित आहोत असं लोकांना वाटलं. ही चूक आजही तितकीच सहज होते.

आधी पाटी वाचा

अमेरिकेत १९७२ नंतर बनलेल्या, २० फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटरबोटींवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर माणसं किती, एकूण वजन किती आणि मोटर जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरची, हे लिहिलेलं असतं. बहुतेक जण फक्त माणसांचा आकडा वाचतात. गडबड तिथेच होते.

हिशोब करून बघू. समजा, पाटीवर लिहिलंय: माणसं चार किंवा २६५ किलो, माणसं, मोटर आणि सामान मिळून ४१३ किलो. (पाटीवर आकडे पौंडात असतात, मी किलोत सांगतोय.)

तू ८० किलो, बाबा ७०, मित्र ७५, मुलगी ३०. झाले २५५. वाटतं, बसतोय आपण!

आता सामान. २५ हॉर्सपॉवरची मोटर साधारण ६२ किलो. पेट्रोलची भरलेली टाकी २०. बॅटरी २५. नांगर आणि दोर ८. दोन डाउनरिगर त्यांच्या शिशाच्या गोळ्यांसकट २२. बर्फाची पेटी २०. गळ, जाळी, बारीकसारीक १२. हे झाले १६९.

एकूण ४२४. म्हणजे दुसरी मोटर लावायच्या आधीच आपण ११ किलोंनी वर. त्यात ४५ किलोंची मोटर आणखी लावली तर ४६९. आणि पाटीवरचा आकडा साधारण चांगल्या हवेसाठी असतो, खवळलेल्या पाण्यासाठी नाही.

मित्राला किनाऱ्यावर ठेवलं तर दुसऱ्या मोटरसकट ३९४ होतात. कागदावर जमतं. पण आता हे वजन कुठे आहे ते बघ. दोन्ही मोटरी, बॅटरी, टाकी आणि तू, सगळे मागे. म्हणजे ३९४ पैकी २३२ किलो बोटीच्या शेपटाकडे. मागची बाजू खाली बसते, आणि ट्रोलिंगमध्ये पाणी आत येण्याची सगळ्यात जास्त भीती तिथूनच असते.

काठ, तळ आणि मागची फळी

तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, काठाची उंची. पाण्याच्या रेषेपासून बोटीच्या काठापर्यंतचं अंतर, ज्याला फ्रीबोर्ड म्हणतात. ते रिकाम्या बोटीत मोजू नका. सगळे बसल्यावर, टाकी भरल्यावर मोजा.

दुसरी, तळाचा आकार. सपाट तळाची बोट शांत पाण्यात मस्त स्थिर वाटते, लाटेवर मात्र धाडधाड आपटते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल तळ लाट कापत जातो. तो उभी असताना थोडा डुलतो, पण परतीच्या वाटेवर त्याचं मोल कळतं.

तिसरी, ट्रान्सम. म्हणजे मोटर जिथे अडकवतात ती मागची फळी. तिची उंची मोटरच्या दांड्याशी जुळावी लागते. १५ इंची फळीला आखूड दांड्याची मोटर, २० इंचीला लांब दांड्याची. मोठ्या पाण्यासाठी १५ इंची फळी मला ठेंगणी वाटते. ट्रोलिंगमध्ये आपण ताशी ३ ते ५ किलोमीटरने जातो, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढं. मागून येणारी लाट आपल्यापेक्षा वेगात असते. ती बोटीला गाठते आणि फळी ठेंगणी असली तर सरळ आत शिरते.

ॲल्युमिनियम की फायबरग्लास? ॲल्युमिनियम हलकं असतं, साध्या गाडीमागे ओढता येतं, किनाऱ्याला घासलं तरी सहसा चालतं. पण वारा त्याला ढकलत नेतो आणि हळू वेगात सरळ रेषेत ठेवायला कष्ट पडतात. फायबरग्लास जड, म्हणून पाण्यात बसून चालतं, पण ओढायला दणकट गाडी लागते. बोट, मोटर, पेट्रोल, ट्रेलर असं सगळं वजन धरून आधी तुमच्या गाडीची ओढण्याची क्षमता तपासा. १७-१८ फुटी बोट ट्रेलरसकट सहज हजार किलोंच्या वर जाते.

सावकाश चालण्याचं तंत्र

दुसऱ्या छोट्या मोटरला इथे किकर म्हणतात. मोठ्या बोटीला ती लागते, कारण ९०-१०० हॉर्सपॉवरची मोटर अगदी हळू चालवली तरी काही माशांसाठी वेग जास्तच होतो. शिवाय मोठी मोटर बंद पडली तर किकर घरी आणते.

पण तुझी २५ ची मोटर १४ फुटी बोटीला आधीच बरीच हळू चालवू शकते. अजून हळू हवं असेल तर पाण्यात ओढायची कापडी पिशवी मिळते, ड्रिफ्ट सॉक. ती पुढच्या बाजूला बांधायची, पंख्यापासून लांब. वजन नगण्य, खर्च कमी. म्हणजे नुसता वेग कमी करण्यासाठी तुला किकरची गरजच नाही.

डाउनरिगर कशासाठी? उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. चिनूक सॅमनला साधारण १२-१३ अंशांचं पाणी आवडतं, म्हणून तो खाली जातो. डाउनरिगर म्हणजे तारेला बांधलेला साडेचार-पाच किलोंचा गोळा. तो आपला गळ खोल नेतो, आणि मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. वसंतात मात्र लेकच्या दक्षिण टोकाला कोहो किनाऱ्याजवळ आणि वरच्या थरात असतो. तेव्हा डाउनरिगरशिवायही भागतं.

मग वसंतातच छोटी बोट न्यावी का? थांबा. तेव्हा पाणी चार-सहा अंशांपर्यंत थंड असू शकतं.

पाण्यात पडलो तर

थंड पाण्यासाठी १-१०-१ हा ठोकताळा लक्षात ठेवा. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे लाइफ जॅकेट सीटखाली असेल तर ते घालायला लागणारी बोटं आधी निकामी होतात. जॅकेट अंगावरच हवं. १३ वर्षांखालच्या मुलांना तर केंद्रीय नियमानेच चालत्या उघड्या बोटीत ते घालावं लागतं. बाबा म्हणतील, "मला कृष्णेत पोहता येतं." प्रेमाने, पण ठामपणे जॅकेट घाला म्हणा.

मोटर बंद करणारी दोरी, किल स्विच, चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवा. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक बोटींना वेगात जाताना ती लावणं बंधनकारक आहे. ट्रोलिंगच्या वेगाला सूट आहे, पण मी सूट घेत नाही. एकटा माणूस पडला आणि बोट पुढे निघून गेली, तर वेग कमी होता याने काय फरक पडतो?

आणि फोन. फोन असला की सगळं आहे असं आपल्याला वाटतं. पाण्यात आत गेल्यावर रेंज जाते, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. छोटा व्हीएचएफ रेडिओ घ्या. चॅनल १६ वर हाक मारली की कोस्ट गार्ड आणि जवळपासच्या बोटी, दोघांना ऐकू जाते.

हवामानही शहराच्या ॲपवर बघू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्याजवळच्या पाण्याचा वेगळा अंदाज असतो, तो वाचा. ग्रेट लेक्सवर वारा २२ ते ३३ नॉट किंवा लाटा चार फुटांच्या असतील तर छोट्या बोटींना इशारा दिला जातो. पण तुमच्या १४ फुटी बोटीचा इशारा त्याच्या खूप आधी सुरू होतो. माझा नियम असा की दोन फुटांच्या लाटा असतील तर घरी बसून चहा. आपल्याकडे कोळी लोक पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच पुन्हा लोटतात. दर्या ज्यांच्या रोजच्या ओळखीचा, ते थांबतात. आपण तर शनिवार-रविवारचे पाहुणे.

मग काय करू?

मित्रा, आता तुझं उत्तर.

ही बोट विकू नकोस आणि लेक मिशिगनसाठी सजवूही नकोस. फॉक्स चेन ओ'लेक्ससारख्या आतल्या तळ्यांवर ती छान आहे, वॉलाय आणि मस्की तिथेही मिळतात. तिथे जातानाही मित्राला पुढच्या फेरीला ने. पैसे खर्च करायचेच तर चांगली जॅकेटं, रेडिओ, पाणी उपसायचा पंप आणि लांब वायर-पाइप घे. बॅटरी आणि टाकी पुढे सरकव. मोटर बंद पडली तर वल्ही हवीतच.

बाबांना सॅमन दाखवायचाय ना? पहिल्या वर्षी वॉकिगन किंवा केनोशाहून चार्टर बोट कर. नव्या बोटीच्या मानाने खर्च कमी, आणि सहा तास जाणत्या कॅप्टनशेजारी उभं राहून तू जे शिकशील ते कुठल्याच व्हिडिओत नाही. तो लाटेला बोट कशी लावतो, कधी परत फिरतो, तेवढं बघ.

त्यानंतरही मोठ्या पाण्याची ओढ राहिली तर १७-१८ फुटी, खोल तळाची, उंच काठाची बोट बघ. किकर तिच्यावर शोभेल. पण हिशोब इथेही कर. किकरने ताशी ८ किलोमीटर वेग मिळाला आणि तू १३ किलोमीटर आत असलास, तर परतायला दीड तासाहून जास्त लागेल. तेवढा वेळ हवा थांबेल का?

जुनी बोट घेताना या चार गोष्टी विसरू नकोस:

१. मोटर धरून वर-खाली हलव. फळी लवली तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं.
२. ट्रेलरवरच बोटीत थोडं पाणी ओत आणि खालून कुठल्या रिव्हेटमधून ठिबकतंय ते बघ.
३. वजनाची पाटी जागेवर आहे का, कागदपत्रांवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, ते तपास.
४. पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. माझी पहिली बोट मी अंगणात बघून घेतली होती. मासे शोधायचा स्क्रीन एवढा चकचकीत होता की मागची फळी मी दाबूनच पाहिली नाही. तो स्क्रीन अजून चालतो. बोट दुसऱ्या वर्षी भंगारात गेली.

तर मंडळी, बोट मोठी की छोटी हा मुद्दा नाही. पाणी कुठलं, बसणार कोण, वजन किती आणि परत यायचं कसं, या क्रमाने विचार करा. मोटर आणि स्क्रीन शेवटी.

आणि मित्रा, बाबांनी सॅमन धरला की त्यांच्याच आवाजात मेसेज पाठव. पुढच्या भागात ऐकवू. तोवर जॅकेट अंगावर ठेवा. भेटूया!