डिजिटल पियानो आणि आमचे घर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरी पियानो आहे असे मी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींना ती थट्टाच वाटली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पियानो म्हटला की जुन्या हिंदी चित्रपटातला दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. वळणाचा जिना, झुंबर, आणि त्या काळ्याभोर वाद्यापाशी बसून दुःखाचे गाणे म्हणणारा नायक. आमचे घर दोन खोल्यांचे. मळवली स्टेशनवर उतरून भाज्याच्या बाजूला चालू लागले की रस्त्यालगत लागते. पुढच्या खोलीत भाताची पोती, लोखंडी खाट, आईचे शिलाई मशीन, आणि गेल्या वर्षीच्या जूनपासून हा पियानो.

तो आला कसा, ते थोडक्यात सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम करतात. मालकीणबाई मुंबईच्या. त्यांनी बंगला आवरायला काढला तेव्हा आप्पांना म्हणाल्या, "तुमची मुलगी भजनात पेटी वाजवते ना? मग हा तिला घेऊन जा. इथे कोणी हात लावत नाही." आप्पा आणि चुलते दोघांनी तो टेम्पोत घातला. भर पावसात वर प्लास्टिक आणि त्यावर आजीचे जुने इरले, असा तो वाजतगाजत नव्हे पण भिजत-भिजत आमच्या दारात आला. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. आमच्या घरात क्रमिक पुस्तके सोडून आलेले ते पहिले इंग्रजी पुस्तक. वाचणारी मी एकटीच. शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुरे करायला मला चार रात्री लागल्या, आणि त्यातली पहिली रात्र नुसत्या धोक्याच्या सूचनांत गेली.

हे वाद्य म्हणजे काय, हे प्रथम सांगायला हवे, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. खरा पियानो हे तारांचे वाद्य. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास तो घडवला. पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर आपटते. आजच्या पियानोत अशा दोनशेहून अधिक तारा ओतीव लोखंडाच्या चौकटीवर ताणलेल्या असतात. हवेत ओल वाढली की लाकूड फुगते, तारा गंजतात, सूर ढळतात. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे असे वाद्य सुरात ठेवणे म्हणजे रोज सोनाराकडे जाण्यासारखे आहे.

डिजिटल पियानोत तारच नाही. पट्टीला वजन असते, आत हातोडीसारखा भागही असतो, पण तो कशावर वाजत नाही. बोटाला खऱ्या पियानोचा भार जाणवावा एवढ्यासाठीच तो असतो. प्रत्येक पट्टीखाली एकामागोमाग एक टेकणारे संपर्क असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्र मोजते. वेळ कमी गेला, म्हणजे बोट जोरात पडले. मग त्या जोराच्या मानाने, खऱ्या पियानोवरून आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला स्वर स्पीकरमधून बाहेर येतो. म्हणजे सूर उतरण्याची भीती नाही. मात्र त्या संपर्कांवर धूळ किंवा ओल बसली तर एखादीच पट्टी मधूनच ओरडू लागते, नाहीतर मुकी होते. एकूण पट्ट्या ८८. पांढऱ्या ५२ आणि काळ्या ३६. आमच्या मंडळाच्या साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२. पहिल्या दिवशी मला मधला 'सा' शोधायलाच वेळ लागला.

आल्या आल्या तो चालू करायचा मोह सगळ्यांनाच झाला होता. पुस्तिकेत लिहिले होते की थंड जागेतून दमट जागेत आणलेले यंत्र लगेच चालू करू नये, आत दव धरलेले असते. बंगल्यातली ती खोली एसीची होती. तेव्हा मी सगळ्यांना थांबवले. धाकटा भाऊ रात्रभर रुसला होता.

दुसऱ्या दिवशी निराळीच अडचण. बंगल्याच्या आवराआवरीत अॅडॉप्टर हरवला होता. शेजारचे काका टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा अॅडॉप्टर घेऊन आले. पिन अगदी बरोबर बसत होती. "बसली म्हणजे चालतंय," असे त्यांचे म्हणणे. इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण ही चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होईल. वाद्याच्या मागे किंवा तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर किती व्होल्ट हवेत ते असते आणि एक छोटे चित्र असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धे वर्तुळ, आणि दोन बाजूंना अधिक व उणे अशी चिन्हे. पिनेचा आतला भाग धन की बाहेरचा, हे त्यावरून कळते. काही यंत्रांत आत धन असते, काहींत बरोबर उलट. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, चिन्हांची दिशा तीच हवी, आणि अॅडॉप्टरवरचा अँपियरचा आकडा वाद्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी काम बिघडते. दिशा उलटी झाली तर एका क्षणात आतले सर्किट जळू शकते. काकांच्या अॅडॉप्टरचे व्होल्ट जुळत होते, अँपियर कमी होते. मी नको म्हटले. काका थोडे रागावलेच. योग्य अॅडॉप्टर पुण्याहून मागवून यायला नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत जागा ठरवली. आमची पश्चिमेची भिंत आषाढात ओलीगच्च होते, तिथे ठेवणे शक्यच नव्हते. पूर्वेच्या खिडकीत ऊन येते. सतत उन्हात प्लास्टिक वाकडे होते. शेवटी पोती हलवून मधल्या भिंतीशी, पण भिंतीपासून वीतभर पुढे, जागा केली. शहाबादी फरशी उंचसखल, म्हणून स्टँडच्या एका पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. स्टँडचे स्क्रू वाजवून वाजवून ढिले होतात, ते महिन्याने तपासावे लागतात. बसायला प्लास्टिकचे स्टूल. कोपर पट्ट्यांच्या पातळीला आले पाहिजे. माझे खाली राहत होते, म्हणून वर गोधडीची घडी. वायर जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण जिथे भात तिथे उंदीर. वर झाकायला सुती चादर. प्लास्टिकने ओल आत कोंडते. आजीने मायेने घोंगडी घातली होती, पण तिचे तंतू पट्ट्यांच्या फटींत जाऊ लागले, म्हणून ती काढली.

मग तो वाजू लागला, आणि महिनाभर सगळे छान चालले. रात्री आप्पा लवकर झोपतात, तेव्हा मी हेडफोन लावून बसे. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरा वाजता एकटीने काहीतरी करता येते, याचे सुख मला कुणाला नीट सांगता येत नाही.

श्रावणात आमच्याकडे भजन ठेवले. मंडळाचा अॅम्प्लिफायर आला, जुना, लोखंडी पेटीचा. पियानोचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून हेडफोनच्या भोकातून त्याला वायर जोडली. भजन झाल्यावर भावाने ती वायर उपटायला हात घातला आणि किंचाळून मागे पडला. पाय अनवाणी, फरशी ओली. काही क्षण त्याला बोलता येईना. मग उठून बसला, पण बोटे कितीतरी वेळ थरथरत होती. आप्पांनी त्याच रात्री सांगितले, "ही ब्याद उद्या घराबाहेर काढायची." दुसऱ्याच दिवशी एक हॉटेलवाला विकत घ्यायलाही तयार झाला.

मी आप्पांना उलट उत्तर कधी दिलेले नाही. त्या दिवशी दिले. पुस्तिका उघडून दाखवली. पियानोला येतात ते फक्त थोडे व्होल्ट, आणि त्याच्या अॅडॉप्टरला दोनच पिना. त्यातून असा झटका बसणार नाही, तो दुसरीकडूनच आला असला पाहिजे. "आधी वायरमनला दाखवू, मग विका," एवढेच मागितले. आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि मग सायकल काढून कामशेतला गेले.

परवानाधारक वायरमन आले. त्यांनी बोर्ड उघडला, दिवा लावून तपासले आणि हसले. आमच्या बोर्डाला भोके तीन, पण तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. हिरवी वायर मीटरमागे तुटून लोंबत होती, कधीपासून कोण जाणे. तिसरी पिन असते ती अर्थिंगची. लोखंडी पेटीच्या यंत्रात आतून करंट गळू लागला तर तो या वायरीने जमिनीत जावा, अशी ती सोय. आमच्याकडे ती वाटच बंद होती. जुन्या अॅम्प्लिफायरमधून गळणारा करंट त्याच्या पेटीवर आला, पेटीवरून जोडवायरीच्या धातूच्या वेष्टणात आला, आणि भावाच्या हातातून ओल्या फरशीत उतरला. पियानोचा दोष एवढाच की तो मध्ये होता.

त्यापेक्षा वाईट गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. त्याच बोर्डावर आमची पाण्याची मोटार चालते. आई रोज सकाळी ओल्या हाताने तिला हात लावते.

"पण एमसीबी आहे ना?" मी विचारले. त्यावर त्यांनी जे समजावले ते मला कोणत्याही पुस्तकात इतके सोपे मिळाले नाही. आमची एमसीबी १६ अँपियरची. वायर तापून पेटू नये म्हणून ती पडते. माणसाचा जीव जायला एक दशांश अँपियरही पुरतो. तेवढ्याने ती हलणारसुद्धा नाही. माणसासाठी निराळे यंत्र असते, आरसीसीबी. वायरमन मंडळी अजून ईएलसीबीच म्हणतात. गेलेला आणि परतलेला करंट यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते क्षणात वीज तोडते. त्याला एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. आप्पांनी मोरीच्या मागे, जिथे जमीन ओली राहते तिथे, खड्डा खणला. लोखंडी पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर घातले. खर्च हप्त्याने फेडला. पियानो विकला असता तर त्याच पैशात भागले असते, हे आप्पांनी एकदाच बोलून दाखवले.

या निमित्ताने एक आठवले, विषयांतर झाले तर क्षमा असावी. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत आपला पाऊस अडवून, नळांतून घाटाखाली सोडून तिथे वीज केली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आजी सांगते की तिच्या लग्नानंतर कितीतरी वर्षे आमच्याकडे चिमणीच होती. वीज आली ती उशिरा आली, आणि आली तेव्हा दोन तारा धडपणे आल्या, तिसरी लोंबत राहिली.

विजांचे आणखी सांगायला हवे. मावळात वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ फार कडाडते. त्या वेळी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढावी लागते, आणि तीही गडगडाट दूर असतानाच. डोक्यावर विजा कडाडत असताना काढायला जाऊ नये. स्पाइक गार्डने वीज अडते असा समज आहे. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचे काही चालत नाही. लाइट गेली तर मी पियानो बंद करून ठेवते, कारण परत येते ती पुष्कळदा उसळी मारून येते. अॅम्प्लिफायर जोडायचा तर दोन्हींचा आवाज शून्यावर ठेवून आधी पियानो चालू करायचा, मग अॅम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम. नाहीतर स्पीकरमध्ये धडाका होतो. हेडफोनचा आवाजही बेताचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मर्यादा घातली आहे ती आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. रात्रीच्या शांततेत फार कमी आवाज पुरतो.

काही जाणत्या मंडळींनी मला विचारले की हे परदेशी खूळ कशाला. पेटी तरी कुठे आपली होती? तीही युरोपातूनच आली. १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी झाली, ती १९७१ साली सैल झाली. आज पेटीशिवाय भजन उभे राहत नाही. आमच्या भाज्याच्या लेण्यात एक स्त्री तालवाद्यांची जोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ती वाद्ये कुठून आली, हे तेव्हा कोणी विचारले असेल का?

पेटीशी मात्र त्याचे अजून पुरते जमलेले नाही. पियानोचा 'ध' ४४० कंपनांना बांधलेला असतो (पांढरी एकला सा धरला तर), आणि मंडळाची पेटी किंचित चढी आहे. दोन्ही एकत्र वाजली की कानात किरकिर होते. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर उपाय सापडला: दोन बटणे एकदम दाबून सगळा पियानो कणाकणाने चढवता येतो. पेटी कारागिराकडे न नेता पियानोच पेटीकडे नेला. बुवांना हे फार आवडले.

आता माझी अडचण डाव्या हाताची. पेटीवर सात वर्षे त्याने फक्त भाता ओढला आहे. पियानोवर त्याला स्वर द्यायला बसवले की तो अजून मध्येच थांबतो आणि मागे भाता चाचपतो. भाऊ खाटेवरून हे पाहतो आणि हसतो. तो स्वतः पट्ट्यांना हात लावतो, पण वायर काढायची असली की अजूनही मलाच हाक मारतो.