थोरियमची घड्याळे

अणुऊर्जेवरचे व्याख्यान कुठेही असो, प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. आपल्या किनाऱ्यांवर थोरियमचे प्रचंड साठे पडून असताना आपण युरेनियम परदेशातून का विकत घेतो? प्रश्न रास्त आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज आहे. त्याचा साठा एक कोटी टनांहून अधिक असल्याचे सरकारी अंदाज सांगतात आणि त्यात साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते. उत्तर देणारे बहुधा सरकारी दिरंगाईला किंवा परकीय दबावाला दोष देऊन मोकळे होतात. खऱ्या उत्तराचा मोठा भाग मात्र थोरियमच्या अणुकेंद्रातच आहे. त्यासाठी हा धातू आणि त्याचे समस्थानिक नीट ओळखून घ्यायला हवेत.

नॉर्वेतला काळा दगड

१८२८ साली नॉर्वेत ब्रेव्हिक गावाजवळच्या एका बेटावर मोर्टेन थ्राने एस्मार्क या धर्मोपदेशकाला एक जड, काळा दगड सापडला. त्याला खनिजांचा नाद होता आणि वडील येन्स एस्मार्क खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. वडिलांनाही दगड ओळखता येईना, म्हणून त्यांनी तो स्टॉकहोमला रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसकडे पाठवला. बर्झेलियसने त्यातून नवे मूलद्रव्य वेगळे केले आणि मेघगर्जनेचा नॉर्डिक देव थोर याचे नाव त्याला दिले.

थोरियमचा अणुक्रमांक ९०. शुद्ध धातू चांदीसारखा चकाकतो, नरम असतो, ठोकून त्याचा पत्रा काढता येतो. हवेत राहिला की ऑक्साइडचा थर चढून तो हळूहळू काळवंडतो. त्याची घनता ११.७, म्हणजे शिशापेक्षा किंचित जास्त. धातू १७५० अंश सेल्सियसला वितळतो, पण त्याचे ऑक्साइड वितळवायला ३३०० अंशांच्या वर जावे लागते. ज्ञात ऑक्साइडांमध्ये एवढा तग धरणारे दुसरे नाही.

थोरियम पहिल्यांदा घराघरांत पोहोचला तो याच गुणामुळे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८९१ साली ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवले. या धातूंच्या क्षारांत भिजवलेली सुती जाळी पेटवली की सूत जळून जाते आणि मागे ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. ज्योतीत तो शुभ्र उजळतो. वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या गॅसबत्त्या आणि खेडोपाडी तमाशाच्या, भजनाच्या फडात टांगलेले पेट्रोमॅक्स यांच्या मेंटलमध्ये हेच ऑक्साइड होते. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या इलेक्ट्रोडमध्ये ते आजही असते.

या वापराची एक काळी बाजूही आहे. १९३०च्या आसपास थोरियम ऑक्साइडचे द्रावण ‘थोरोट्रास्ट’ या नावाने रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत टोचले जाऊ लागले, कारण एक्स-रे फोटोत त्यामुळे रक्तवाहिन्या ठळक दिसत. पण शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. यकृतात आणि प्लीहेत साचून ते आयुष्यभर अल्फा कण सोडत राहिले आणि कित्येक वर्षांनी अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. मंद किरणोत्सार निरुपद्रवी असतो या समजाची जबर किंमत त्या रुग्णांनी मोजली.

अर्धायुष्य इथेच सापडले

थोरियम किरणोत्सारी आहे हे १८९८ साली जर्मनीत गेरहार्ड श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवले. पुढची मोठी पावले कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पडली. अर्नेस्ट रदरफोर्डला दिसले की थोरियमच्या क्षारांतून एक वायुरूप पदार्थ निघतो आणि त्याची सक्रियता दर मिनिटाला जवळजवळ निम्मी होत जाते. आज आपण त्याला रेडॉन-२२० म्हणतो. त्याचे अर्धायुष्य ५५.६ सेकंद आहे. अर्धायुष्य ही कल्पना विज्ञानात आली ती या निरीक्षणातून.

मग रदरफोर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी थोरियममधून ‘थोरियम-एक्स’ नावाचा अतिसक्रिय अंश रासायनिक रीतीने वेगळा काढला. १९०१च्या नाताळाच्या सुटीनंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा वेगळ्या काढलेल्या अंशाची सक्रियता ओसरली होती आणि उरलेल्या थोरियमने गमावलेली सक्रियता परत मिळवली होती. घट आणि भरपाई एकाच गतीने होत होती. अर्थ उघड होता : एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलत होते. अणू अविनाशी असतो ही शतकभराची धारणा या प्रयोगांनी मोडली.

बावीस मिनिटे ते १४०५ कोटी वर्षे

प्रत्येक थोरियम अणूत ९० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनची संख्या बदलली की समस्थानिक बदलतो. रासायनिक वागणूक एकच, आयुष्ये मात्र कल्पनेपलीकडे वेगळी.

निसर्गातला जवळजवळ सगळा थोरियम हा थोरियम-२३२ आहे. त्याचे अर्धायुष्य १४०५ कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयापेक्षाही अधिक. पृथ्वी घडताना तिच्यात जेवढा थोरियम होता, त्यातला चार-पंचमांश अजून शिल्लक आहे. त्याचा अणू सहा अल्फा आणि चार बीटा पायऱ्या उतरून शेवटी शिसे-२०८ म्हणून स्थिरावतो. या उतरणीत सुटणारी ऊर्जा पृथ्वीचे पोट तापते ठेवते. जपानच्या कामलँड प्रयोगाने २०११ मध्ये पृथ्वीच्या गर्भातून येणारे न्यूट्रिनो मोजून दाखवले की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जवळपास निम्मा वाटा युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून येतो.

थोरियम-२३० हा युरेनियम-२३८च्या वंशातला. अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षे. युरेनियम पाण्यात विरघळतो, थोरियम जवळजवळ नाही. म्हणून गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून चुनखडीचा नवा थर बसतो, तेव्हा त्यात युरेनियम असतो पण थोरियम नसल्यासारखाच. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून थोरियम-२३० साठत जातो. तो किती साठला हे मोजले की थराचे वय कळते. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचे वय याच पद्धतीने काढले गेले. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पावसाने दिलेल्या ओढीची नोंद त्यात होती. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी वर्तमान युगाच्या ताज्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले, ते या स्तंभाच्या आधारावर.

बाकीचे अल्पायुषी आहेत. थोरियम-२२८ सुमारे १.९ वर्षांत निम्मा होतो. तो १९०५ साली ओटो हानने लंडनमध्ये शोधला. थोरियम-२३४ला २४ दिवस लागतात, २२७ला सुमारे १९ दिवस, २३१ला एका दिवसाहून थोडेसेच जास्त.

थोरियम-२२९चे अर्धायुष्य जवळपास ७,९०० वर्षे आहे, पण त्याची ख्याती वेगळ्याच कारणाने. इतर अणुकेंद्रांना उत्तेजित करायला सहसा हजारो-लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. याला फक्त ८.४ पुरतात. एवढी ऊर्जा अतिनील लेझर देऊ शकतो. २०२४ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या, तसेच अमेरिकेच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. आजची अणुघड्याळे इलेक्ट्रॉनच्या उड्यांवर चालतात, तर थोरियम-२२९मुळे अणुकेंद्रावर चालणारे घड्याळ आवाक्यात आले आहे. केंद्रावर बाहेरच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा परिणाम फारच कमी होतो, त्यामुळे त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत.

काथ्याला चिकटलेली वाळू

गॅसबत्तीच्या धंद्याने थोरियमला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी मागणी आणली आणि तिने आपला किनारा जगाच्या नकाशावर आणला. १९०९ साली त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट आढळले. माग काढता काढता मनवलकुरिचीचा किनारा सापडला आणि लवकरच तिथली वाळू जहाजे भरून बाहेर जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातल्या आलुवा इथे मोनाझाइट प्रक्रियेचा कारखाना सुरू झाला. तिथला थोरियमयुक्त गाळ मुंबईला येई. १९५५ पासून ट्रॉम्बेच्या कारखान्यात त्याचे थोरियम नायट्रेट बनू लागले. भारताच्या अणुकार्यक्रमाच्या मुंबईतल्या पहिल्या कारखान्यांपैकी तो एक.

केरळच्या करुनागपल्ली भागात या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथल्या ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या किरणोत्सारामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले नाही. थोरोट्रास्टच्या अनुभवाशेजारी हा निष्कर्ष ठेवून वाचायला हवा. किरणोत्सारी कण शरीराबाहेर वाळूत असणे वेगळे आणि यकृतात कायमचे अडकणे वेगळे.

सत्तावीस दिवसांचा तिढा

आता मूळ प्रश्नाकडे. थोरियम-२३२ स्वतः इंधन नाही. अणुभट्टीत साखळी चालू ठेवायची तर मंद न्यूट्रॉनने फुटणारे अणुकेंद्र लागते, आणि थोरियम-२३२ तसे फुटत नाही. तो न्यूट्रॉन गिळून थोरियम-२३३ होतो. त्याचे अर्धायुष्य २२ मिनिटे. त्यातून प्रोटॅक्टिनियम-२३३ तयार होतो, त्याचे २७ दिवस. त्यानंतर कुठे युरेनियम-२३३ मिळतो, आणि तो मात्र उत्तम इंधन आहे.

तुलनेसाठी युरेनियम-२३८ घ्या. त्याच्यापासून प्लुटोनियम होताना मधल्या नेप्च्युनियम-२३९चे अर्धायुष्य सव्वादोन दिवसांच्या आसपास असते. थोरियमच्या वाटेवर प्रोटॅक्टिनियम भट्टीत कितीतरी जास्त काळ रेंगाळतो. दरम्यान त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेले इंधनही गेले. भट्टी बंद केल्यावरही प्रोटॅक्टिनियमचे युरेनियम होत राहते, हेही रचनाकाराला हिशेबात धरावे लागते.

शिवाय युरेनियम-२३३बरोबर थोडा युरेनियम-२३२ही बनतो. त्याच्या वंशातला थॅलियम-२०८ अतिशय भेदक गॅमा किरण सोडतो. शस्त्रासाठी चोरून नेणाऱ्याला ही अडचण आहे, पण इंधन बनवणाऱ्यालाही आहे. सगळे काम जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनी करावे लागते.

सगळ्यात मोठी मेख अशी, की सुरुवातीला लागणारे न्यूट्रॉन थोरियम देत नाही. ते दुसऱ्या इंधनाकडून घ्यावे लागतात. होमी भाभांची तीन टप्प्यांची योजना नेमकी या वस्तुस्थितीवर उभी आहे. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम जाळून वीज आणि प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्यात जलद प्रजनक भट्ट्यांत प्लुटोनियमचा साठा वाढवायचा, आणि पुरेसा साठा झाल्यावर थोरियम आणि युरेनियम-२३३चा तिसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यात थोरियम फार लवकर घुसवला, तर साठा वाढण्याची गतीच मंदावते.

आपल्याकडे काम झाले नाही असे नाही. ट्रॉम्बेला १९८४ मध्ये ‘पूर्णिमा-२’ ही युरेनियम-२३३वरची प्रायोगिक भट्टी क्रियाशील झाली. कल्पाक्कमला १९९६ पासून ‘कामिनी’ ही ३० किलोवॅटची भट्टी त्याच इंधनावर चालली. काक्रापारच्या भट्टीत सुरुवातीला थोरियमच्या इंधनजुड्या बसवल्या होत्या. थोरियमसाठीच्या प्रगत जड पाणी भट्टीचा आराखडा डॉ. अनिल काकोडकरांनी आग्रहाने पुढे नेला, पण ती अजून उभी राहिलेली नाही. बाहेर अमेरिकेच्या शिपिंगपोर्ट भट्टीने १९७७ ते १९८२ या काळात थोरियमवर चालून, जाळले त्याहून किंचित जास्त इंधन निर्माण करून दाखवले. चीनच्या गान्सू प्रांतात २०२३ मध्ये थोरियमसाठीची २ मेगावॅटची वितळलेल्या क्षारांची प्रायोगिक भट्टी क्रियाशील झाली. थोरियम चालतो, हे सिद्ध झाले आहे. तो मोठ्या प्रमाणावर आणि परवडेल अशा रीतीने चालवणे बाकी आहे.

म्हणून आपली प्रगती किनाऱ्यावरच्या टनांत मोजणे थांबवायला हवे. थोरियमची वाळू कुठे पळून जात नाही. १४०५ कोटी वर्षांचे अर्धायुष्य असलेला धातू आणखी शंभर वर्षे पडून राहिला तरी त्याचे काहीही कमी होत नाही. कमी पडतात ते न्यूट्रॉन, प्रजनक भट्ट्या, आणि तीव्र गॅमा किरणांसमोर इंधन हाताळणारे कारखाने. पुढच्या वेळी कोणी साठ्याचे आकडे अभिमानाने सांगितले, तर त्याला विचारावे : प्रजनक भट्ट्यांत प्लुटोनियम किती वाढले? वर्षाला युरेनियम-२३३ किती किलो तयार झाला आणि त्यातला किती पुन्हा भट्टीत गेला? सरकारने दरवर्षी संसदेत या आकड्यांचे उत्तर द्यावे आणि आपण नागरिकांनी ते मागावे. तिसरा टप्पा जवळ येतो आहे की नाही, हे त्याच आकड्यांवरून कळेल.