पंखा ते पिलर: दिव्यातलं भंगार पुढे जातं कुठे?

दिव्यात राहत असाल तर सकाळची ती आरोळी तुम्हाला पाठ असेल. 'भंगाऽऽर, लोखंड, पत्राऽऽ...' आपण बंद पडलेला पंखा काढून देतो, काटा लागतो, थोडी घासाघीस होते आणि आपल्यासाठी विषय संपतो. पण तोच पंखा उद्या एखाद्या बिल्डिंगच्या पिलरमध्ये उभा असू शकतो. कसा, ते आज बघूया.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. भंगारवाला माल विकत घेतो, पण कमावतो ते निवडण्यावर. पंखा त्याने सरसकट किलोने घेतला. नंतर तो फोडून मोटरीतली तांब्याची तार वेगळी, ॲल्युमिनियमची पाती वेगळी, लोखंड वेगळं. तांब्याचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो, म्हणून एवढी मेहनत.

ओळखायचं कसं? खिशात लोहचुंबक. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील. मग कानस मारून रंग बघायचा. तार वरून तांब्याची आणि घासल्यावर आतून पांढरी निघाली, तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. बीड असेल तर हातोड्याच्या घावाने तुटतं, पत्रा नुसता वाकतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत हो.

या कामाची वाईट बाजू म्हणजे तारा जाळणं. सोलायला वेळ लागतो, म्हणून प्लास्टिकसकट पेटवतात. त्या पीव्हीसीच्या धुरात आम्लाचा वायू असतो, डायॉक्सिनसारखी विषं असतात. आणि गंमत बघा, जळलेल्या तांब्याला सोललेल्या स्वच्छ तारेपेक्षा भाव कमीच मिळतो!

दिवा जंक्शन असल्यामुळे अजून एक. रुळाच्या क्लिपा किंवा रेल्वेचा इतर सामान घ्यायला शहाणा भंगारवाला घाबरतो. रेल्वे आपलं भंगार ई-लिलावाने विकते. चोरीचा संशय असलेला माल सापडला, तर १९६६ च्या कायद्यानुसार तो रीतसर मिळवला हे ज्याच्याकडे सापडला त्यालाच सिद्ध करावं लागतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

छोट्या दुकानातून माल मोठ्या गोडाऊनमध्ये जातो. तिथे गॅस कटरने तुकडे होतात, पत्रा दाबून गठ्ठे बांधतात आणि ट्रक भट्टीकडे निघतो. महाराष्ट्रात सळई म्हटलं की जालना. तिथल्या कारखान्यांत इंडक्शन भट्ट्या आहेत, म्हणजे विजेच्या जोरावर भंगार वितळवणाऱ्या. रस दीड हजार अंशांच्या पुढे तापतो, त्याचे बिलेट ओततात, ते लाल असताना लाटून सळई करतात आणि पाण्याने झटकन थंड करतात. बाहेरून कडक, आतून चिवट. हीच टीएमटी.

आता मुद्द्याची गोष्ट. इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, पण फारसं शुद्ध करत नाही. भंगारातला फॉस्फरस, गंधक बराचसा तसाच राहतो आणि सळई ठिसूळ होऊ शकते. तांबं तर नेहमीच्या कुठल्याच भट्टीत निघत नाही. जास्त झालं तर गरम लाटताना चिरा पडतात. म्हणजे पंख्यातली तार नीट काढली की नाही, याचा हिशोब शेवटी सळईत लागतो. भट्टीवाला नंतर काही मिसळून प्रमाण खाली आणू शकतो, पण मुळात निवड चांगली हवी.

निवड चुकली तर जीवही जातो. बंद सिलिंडर, कॉम्प्रेसर किंवा पाणी साचलेला डबा भट्टीत पडला तर स्फोट होतो. उकळता रस अंगावर उडाला की काय होतं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्या एका कारखान्यात दिसलं. वीसहून जास्त कामगार जखमी झाले होते.

म्हणून जुना फ्रिज, एसी देताना तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल असं बघा. त्यात गॅस असतो.

आणि दिव्यात बांधकामं कमी नाहीत. बाहेर पडलेल्या सळ्यांवर उठवलेली अक्षरं वाचून बघा. आयएस १७८६ या मानकाप्रमाणे उत्पादकाची खूण असायलाच हवी. ग्रेडही कळतो: एफई ५०० मध्ये गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, ५००डी मध्ये ०.०४० पर्यंतच. सळई कोरी दिसली, तर बिल्डरला विचारा ती कुठून आली.